दहा मीटर एअर पिस्तूल: छर्रा निवडावा कसा, तपासावा कसा

‘महागडे पेलेट घेतले तर स्कोअर वाढेल का?’ रेंजवर नवा खेळाडू हे पहिल्या महिन्यातच विचारतो. आधी लक्ष्याचं गणित बघा. एअर पिस्तूलचं दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं, छर्रा ४.५ मिमीचा, आणि त्याची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे छऱ्याचा मध्य १६ मिमी व्यासात कुठेही पडला तरी चालतो. रायफलवाल्यांचं दहा मात्र अवघ्या अर्ध्या मिमीचं ठिपकं. त्यांचा मध्य ५ मिमीच्या आतच हवा. महागड्या छऱ्यांचा हट्ट त्यांनी धरावा. पिस्तूलवाल्याला हवा तो एकसारखा छर्रा, आजच्या डब्यात जसा तसाच पुढच्या डब्यात.

सपाट डोक्याचाच घ्या. टोकदार किंवा गोल डोक्याचा छर्रा कागद फाडतो, छिद्राची कड कळत नाही आणि गुणांवरून वाद होतो. वजन साधारण ०.४५ ते ०.५३ ग्रॅम असतं. आरडब्ल्यूएसचा आर-१० मॅच ०.४५ आणि ०.५३ अशा दोन्ही वजनांत मिळतो. हलका नळीतून किंचित लवकर सुटतो म्हणून पिस्तूलवाले त्याला पसंती देतात, पण तुमच्या नळीला कुठला मानवतो हे चाचणीच सांगते.

डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे दिसतील. तो छऱ्याच्या डोक्याचा व्यास. अंगठ्याने बसवताना हलका अडथळा जाणवला पाहिजे. आपोआप आत सरकला तर सैल; जोर लावावा लागला तर घट्ट, आणि जोर लावताना मागची पातळ कड, म्हणजे स्कर्ट, वाकते.

चाचणी

तीन-चार प्रकारांचा एकेक डबा पुरे. रेंज अधिकाऱ्याला सांगून, रेषेपुढे कोणी नाही याची खात्री करून मगच सुरू करा.

१. पिस्तूल बेंच व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात, रबराच्या पट्ट्या लावून फ्रेमला धरा. नळी किंवा हवेचा सिलिंडर आवळू नका.

२. सिलिंडर भरून घ्या. दाब फार उतरला की वेगही उतरतो. १० मीटरला वेग सेकंदाला १५० मीटरवरून १४० वर आला तर छर्रा सुमारे ३ मिमी खाली पडतो.

३. प्रकार बदलला की पहिले १० छर्रे मोजू नका. नळीत आधीच्या शिशाचा थर असतो, तो बदलायला तेवढे लागतात.

४. मग ५ छऱ्यांचे ५ ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छिद्रांचे पुंजके, प्रत्येक नव्या कागदावर. सर्वांत लांबच्या दोन छिद्रांचं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, त्यातून ४.५ वजा करा. एका सुंदर ग्रुपवर भाळू नका. पाचांची सरासरी धरा.

ग्रुप उभा लांबला तर वेगात चढउतार आहे: दाब किंवा सैल छर्रा तपासा. चहूकडे पसरला तर व्यास बदलून पाहा. एखादाच छर्रा लांब गेला तर बहुधा त्याचा स्कर्ट वाकलेला असतो. दोन प्रकारांत अर्ध्या मिमीचा फरक आला तर स्वस्त आणि नेहमी मिळणारा घ्या.

निवड झाली की डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र बनलेल्या मालाचा क्रमांक, टिपून ठेवा आणि त्याच लॉटचे डबे एकदम घ्या. सामना ६० शॉट्सचा, सरावाचे १५ धरून दिवसाला ७५. आठवड्यातून पाच दिवस म्हटलं तर महिन्याला १५०० छर्रे, म्हणजे ५०० चे तीन डबे. लॉट बदलला की दोन-तीन ग्रुप पुन्हा काढा. तराजूवर एकेक छर्रा तोलायची पिस्तूलवाल्याला गरज नाही. वाकडे तेवढे डोळ्यांनी निवडून काढा.

ठाणे-वाशी लोकल आणि पावसाळा

अर्धा रिकामा डबा बॅगेत टाकून ट्रान्स-हार्बरने निघालात की वाशी येईपर्यंत छर्रे एकमेकांवर आपटत राहतात. शिसं मऊ, स्कर्ट वाकणारच. झाकणाखाली स्पंजची चकती इतकी जाड ठेवा की डबा हलवला तरी आवाज येऊ नये. पिस्तूल रिकामं, कुलूपबंद पेटीतच न्यावं. खरेदीचं बिल आणि क्लबचं ओळखपत्र सोबत असू द्या.

खाडीकाठच्या दमट हवेत जून ते सप्टेंबर छऱ्यांवर पांढरी भुकटी धरते. ती शिशाची. डबे घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. भुकटी धरलेले छर्रे पुसून वापरू नका, बाजूला काढा. भरताना छर्रा तोंडात धरायची सवय असेल तर ती आजच सोडा. आणि रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.