फेचमेल सोर्सवरून बसवताना

फेचमेल म्हणजे मेल सर्व्हरवरची पत्रं आपल्या मशीनवर उतरवणारा प्रोग्राम. तो कम्पाइल करणं अवघड नाही. टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) उलगडायचा, त्या डिरेक्टरीत जायचं, कॉन्फिगर स्क्रिप्ट आणि मग मेक चालवायचं. नवखे अडकतात ते याच्या आधी आणि नंतर.

आधीची गोष्ट ओपनएसएसएलची, म्हणजे सर्व्हरशी एनक्रिप्टेड जोडणी करणाऱ्या लायब्ररीची. मशीनवर ओपनएसएसएल आहे म्हणजे काम झालं असं नाही, कम्पायलरला त्याच्या हेडर फाइली लागतात. डेबियन आणि उबुंटूत त्या लिबएसएसएल-डेव्ह या पॅकेजमध्ये असतात, रेड हॅट घराण्यात ओपनएसएसएल-डेव्हलमध्ये. कॉन्फिगर मध्येच थांबलं तर स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळीवर विसंबू नका. त्याच डिरेक्टरीतली कॉन्फिग डॉट लॉग उघडा, खरं कारण तिथे सापडतं. जुन्या ६.३ मालिकेत एसएसएलचा पर्याय हाताने द्यावा लागे. तो राहिला तरी बिल्ड निमूट पार पडे आणि फटका थेट ९९३ (आयमॅप) किंवा ९९५ (पॉप३) या एसएसएलच्या पोर्टला जोडताना बसे.

मेक साध्या युजरनेच चालवा. रूट लागतो फक्त मेक इन्स्टॉलला, कारण प्रोग्राम मुळात /यूएसआर/लोकल खाली जातो. रूट मिळणार नसेल तर कॉन्फिगरला प्रिफिक्स म्हणून स्वतःची होम डिरेक्टरी द्या. सोर्सची डिरेक्टरी लगेच उडवू नका, पुढे मेक अनइन्स्टॉल तिथूनच करता येतं.

मग फेचमेलला मोठा व्ही देऊन चालवा (लहान व्ही वेगळा, तो बडबड वाढवतो). पहिल्याच ओळीत आवृत्तीच्या आकड्याला चिकटून अधिक-एसएसएल दिसलं पाहिजे. आकडा जुनाच दिसला तर बहुधा /यूएसआर/बिनमधली पॅकेजची प्रत चालतेय. पाथचा (शेल ज्या डिरेक्टऱ्यांत प्रोग्राम शोधतं त्या यादीचा) क्रम बघा, बॅशमध्ये हॅश -आर करा म्हणजे ते जुना पत्ता विसरेल.

आता डॉट-फेचमेलआरसी, म्हणजे होम डिरेक्टरीतली फेचमेलच्या सेटिंग्जची फाइल. तिच्यात पासवर्ड असतो, म्हणून परमिशन ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. ग्रुपला किंवा इतरांना वाचता येत असेल तर फेचमेल सुरूच होत नाही. सर्व्हर, प्रोटोकॉल, युजर, पासवर्ड, एसएसएल एवढं लिहा आणि शेवटी कीप हा शब्द जरूर घाला. उतरवलेली मेल सर्व्हरवरून पुसून टाकायची ही फेचमेलची मूळ रीत आहे. कीप नसताना केलेली चाचणी महागात पडते. नुसता सी पर्याय दिला तर मेल न उतरवता किती पडलीय एवढंच कळतं. पहिली धाव तीच असू द्या, मग दोनदा लहान व्ही देऊन खरी.

खऱ्या धावेत लॉगिन होतं आणि पुढे 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं, तेव्हा दोष बहुतेक वेळा मेल सर्व्हरचा नसतो. फेचमेल स्वतः मेलबॉक्समध्ये काही लिहीत नाही. उतरवलेलं पत्र लोकलहोस्टच्या २५ नंबरच्या पोर्टवर सोपवतं. तिथे पोस्टफिक्ससारखं, पत्र स्वीकारणारं कुणी ऐकत नसेल तर पत्र घेणार कोण? एकतर ते बसवा, नाहीतर एमडीए (पत्र मेलबॉक्समध्ये टाकणारा प्रोग्राम) या पर्यायात प्रॉकमेल द्या. सर्टिफिकेटची तक्रार आली तर तपासणी बंद करायचा मोह टाळा. सीए-सर्टिफिकेटांचं (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या संस्थांच्या सर्टिफिकेटांचं) पॅकेज बसवा, आणि एसएसएलसर्टफाइलमध्ये त्याचा पत्ता द्या.

सगळं जुळलं की डॉट-फेचमेलआरसीत सेट डीमन ३०० (सेकंद) लिहा, दर पाच मिनिटांनी मेल येत राहील. क्रॉनमधून (ठरावीक वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) चालवणार असाल तर एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) १ म्हणजे बिघाड समजू नका, त्याचा अर्थ नवीन मेल नाही इतकाच. कनेक्शनची अडचण २, लॉगिन फसलं तर ३.