लिनक्सवर जाताय? आधी मराठी फायली बघा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नसेल तर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, जरूर वापरून पाहा. पण लगेच इन्स्टॉल करू नका. ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर मिंट टाका आणि लॅपटॉप त्यावरूनच सुरू करा. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. वाय-फाय, आवाज, प्रिंटर तिथेच तपासा.

खरी मेख मराठीची. सदाशिव पेठेत काकांच्या सोसायटीची इतिवृत्तं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली होती. मिंटमध्ये फाइल उघडली तर पानभर निरर्थक रोमन अक्षरं! मजकूर शाबूत होता, पण तो युनिकोड (कुठल्याही संगणकावर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नव्हता आणि फॉन्ट विंडोजवरच राहिला होता. म्हणून विंडोज चालू आहे तोवरच अशा फायली युनिकोडमध्ये बदलून घ्या. जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास चुका राहतात. पीडीएफची एक प्रतही ठेवा.

टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमधून मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळरचना, जोडा. 'के'च्या कळीवर क येतो, 'डी'वर हलन्त. आठवडाभरात बोटं सरावतात.

सगळ्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय इन्स्टॉलचं बटण दाबू नका.