जर्मनीत नोकरी शोधायला जाताय? विमा मध्येच बंद करता येईल असाच घ्या

चान्सनकार्टेवर, म्हणजे नोकरी शोधण्यासाठी मिळणाऱ्या जर्मन परवान्यावर, जर्मनीला निघालेले बरेचजण व्हिसाच्या घाईत अख्ख्या वर्षाचा आरोग्य विमा एकरकमी भरून टाकतात. मध्येच नोकरी लागली की बहुतेकांना तिथल्या सार्वजनिक विम्यात जावं लागतं, आणि आधीचे पैसे अडकतात.

१. पॉलिसी वर्षाची घ्या, पण नोकरी लागल्यावर ती बंद करून उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील, हे लेखी विचारून घ्या. व्हिसा नाकारला गेला तर काय, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

२. सुरुवातीची तारीख विमान उतरण्याच्या दिवसाची ठेवा. व्हिसा लांबला तर ती बदलता आली पाहिजे.

३. जाहिरातीतला मोठा आकडा सोडा, 'काय मिळणार नाही' ते पान आधी वाचा. मधुमेह, दमा, थायरॉईडसारखे जुने आजार आणि बाळंतपण बहुधा तिथेच वगळलेलं सापडतं. पर्यटकांचा स्वस्त विमा तर मुख्यतः अचानक उद्भवलेल्या आजारापुरताच असतो.

४. नोकरीचा करार झाला की क्रांकेनकासे, म्हणजे सार्वजनिक विमा संस्था, स्वतः निवडा. मूळ दर सगळीकडे पगाराच्या १४.६ टक्के, त्यातला अर्धा मालक भरतो. फरक असतो तो वरच्या जादा दरात.

एक जपा: चान्सनकार्टेवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण ते काम 'मिनीजॉब', म्हणजे ठरावीक मर्यादेच्या आतल्या कमी पगाराचं छोटं काम, असेल तर त्यातून आरोग्य विमा मिळत नाही. नव्या संस्थेचं सदस्यत्वाचं पत्र हातात पडेपर्यंत जुनी पॉलिसी बंद करू नका.