मस्कतमध्ये शिक्षकानं शुक्रवार-शनिवार कसे घालवावेत

सुट्टीचे दिवस दोन असले तरी दोन्ही सारखे नव्हेत, हे मस्कतच्या भारतीय शाळेत रुजू होणाऱ्यांना मी सगळ्यात आधी सांगते. ओमानमध्ये २०१३ पासून साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार अशी आहे. शुक्रवारी सकाळी शहर झोपलेलं असतं. बरीच दुकानं दुपारच्या नमाजानंतर, काही तर थेट चार वाजता उघडतात. त्यामुळे शुक्रवारची सकाळ गावाबाहेर पडायला आणि संध्याकाळ खरेदीला ठेवा. रस्तेही त्या सकाळी रिकामे मिळतात. शनिवारी दुपारनंतर मात्र लांब कुठे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. रविवारी पहाटे उठायचं असतं आणि सातवीच्या वह्या काही आपोआप तपासून होत नाहीत.

पहिलं वर्ष स्वतःच्या गाडीशिवाय काढायचं, असंच धरून चाला. रहिवासी झालात की भारतातल्या लायसन्सवर इथे गाडी चालवता येत नाही, परीक्षा नव्यानं द्यावी लागते. आधी ‘ड्रम’, म्हणजे पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायची. मग चढ, मग रस्ता. वाहतूक उजव्या बाजूनं असल्यामुळे पुण्यात वर्षानुवर्षं गाडी हाणलेली माणसंही सुरुवातीला दार उघडायला चुकीच्या बाजूला जातात. स्टाफरूममध्ये कुणाचा ड्रम पास झाला की आम्ही पेढे मागतो.

तोवर मुवासलात या सरकारी कंपनीच्या लाल बस आहेत. मस्कत डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत लांबच लांब पसरलंय. एका टोकाला रुवी, दुसऱ्या टोकाला सीब आणि मबेला. १ नंबरची बस रुवीहून मबेल्यापर्यंत जाते, तेवढी एक पाठ झाली तरी निम्मं शहर हाताशी आलं. केशरी-पांढऱ्या टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या, नाहीतर सरळ ओटॅक्सीच्या अ‍ॅपवरून बोलवा. एका रियालचे १००० बैसा. रियाल दोनशे रुपयांच्या वर आहे, तेव्हा प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत गुणत बसू नका. गणिताची बाई सांगतेय, ऐका. त्या हिशेबानं माणूस चहासुद्धा पिणार नाही.

चहा म्हणजे इथे करक, कडक दुधाचा. हमरस्त्यालगतच्या कुठल्याही कॉफी शॉपसमोर गाडी उभी करून हॉर्न दिला की पोऱ्या बाहेर येतो. करकबरोबर पराठा मागवा, त्यात चीज आणि ‘चिप्स ओमान’ या बटाट्याच्या वेफर्सचा चुरा घालून गुंडाळी करून देतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण शाकाहारी माणसाचा प्रवासात यावर मजेत निभाव लागतो.

सुरुवात मत्रहपासून, म्हणजे जुन्या बंदराच्या भागापासून करा. संध्याकाळी समुद्राकाठच्या कॉर्निशवर चालायचं, मग सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात शिरायचं. लोबान घ्यायचा तर दक्षिणेकडच्या धोफार प्रांताचा, त्यातला होजारी सगळ्यात वरचा. दुकानदारांशी हिंदीत खुशाल घासाघीस करा, त्यांनाही ती अपेक्षित असते. आम्ही रत्नागिरीचे, त्यामुळे माझा खरा जीव तिथल्या मासळीबाजारात. तिथे सकाळी लवकर जायचं. मासा एकाकडे घ्यायचा आणि कापून दुसरीकडे, त्याचे पैसे वेगळे. सुरमईला इथे कनद म्हणतात. १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर तिच्या मासेमारीला बंदी असते, त्या दिवसांत कुणी ‘आजच आली’ म्हणून पुढे केली तर बांगडा घेऊन घरी या.

सुलतान काबूस ग्रँड मशीद शुक्रवारी पाहुण्यांना बंद असते, इतर दिवशी सकाळी ८ ते ११ बघता येते. म्हणजे आपल्यासाठी शनिवार. बायकांनी डोकं, हात आणि पाय झाकायचे. सलवार-कमीज आणि मोठी ओढणी पुरते.

गाडीवाले सहकारी मिळाले, पेट्रोल वाटून घ्यायचं ठरलं, की पहिली सहल शुक्रवारी निझव्याची. पहाटे पाचला निघायचंच, कारण तिथला बकऱ्यांचा बाजार नऊपर्यंत आटोपतो. मध्ये छप्पर घातलेला चौथरा, त्याच्या कडेनं बसलेले लोक आणि बाहेरून आणखी एक कडं. या दोन्हींच्या मधल्या वाटेनं विक्रेते बकऱ्यांना दोरीनं धरून गोल गोल फिरवत भाव ओरडत असतात. एखादा पांढऱ्या दाढीचा आजोबा काठी आडवी धरून जनावर थांबवतो, ओठ वर करून दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो आणि काहीही न बोलता मान हलवतो. विक्रेता पुढच्या फेरीला निघतो. वाटेत उभे राहू नका, बकरी थांबत नाही. फोटो काढा, पण बायकांचे विचारल्याशिवाय मुळीच नाही. बाजार उठला की शेजारीच किल्ला आहे. सतराव्या शतकातला त्याचा जाडजूड गोल बुरूज चढायला ऊन तापण्याआधीचा वेळ बरा.

दुसरी सहल वादी शाबची. वादी म्हणजे डोंगरातल्या नदीची दरी. सूर शहराच्या रस्त्यावर, वाटेत बिम्माचं सिंकहोल, म्हणजे जमीन खचून झालेला पाण्याचा मोठा खड्डा, बघून घ्यायचं. वादीच्या तोंडाशी होडीवाला एका रियालमध्ये पलीकडे सोडतो, पुढे पाऊण तास दगडांतून चालणं आणि शेवटी पोहणं. कॉटनचा कुडता भिजला की जड होतो, म्हणून लेगिंग आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट घाला. पकड असलेल्या चपला हव्यातच. पोहता येत नसेल तर पहिल्या डोहापाशी बसून रहा, तिथेही छान वाटतं.

वादीच्या बाबतीत मात्र मी गंमत करत नाही. आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असतं, पाऊस डोंगरात पडतो आणि कोरड्या पात्रातून अचानक लोंढा येतो. एप्रिल २०२४ मध्ये समद अल-शानला अशाच पुरात शाळकरी मुलं गेली. हवामानाचा इशारा असेल तर सहल रद्द करा, कुणी कितीही हसलं तरी. रस्त्यावरून वादी वाहत असताना गाडी घालणं हा कायद्यानंही गुन्हा आहे.

मे ते सप्टेंबर दिवसा बाहेरच्या सहलींचं नावच काढू नका. जून ते ऑगस्ट दुपारी १२.३० ते ३.३० उघड्यावरच्या कामगारांनासुद्धा सरकार काम करू देत नाही, आपण काय वेगळे आहोत? गारव्यासाठी जबल अखदरचा डोंगर आहे. पण बिरकत अल-मौजच्या चौकीवर पोलीस फोर-व्हील ड्राइव्ह नसलेली गाडी परत पाठवतात, हे आधी बघून घ्या. मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये तिथे गुलाब फुललेले असतात. दक्षिणेतल्या सलालाचा खरीफ, म्हणजे तिथला पावसाळा, सप्टेंबरपर्यंत चालतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीहून परतल्यावरही गाठता येतो. मस्कतहून जवळजवळ १००० किलोमीटर आहे. कोकणच्या पावसापुढे ती निव्वळ भुरभुर, पण इथले लोक त्या भुरभुरीत भिजताना बघायलाच जावं.

रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाणं-पिणं नाही, स्वतःच्या गाडीतही नाही. शाळा लवकर सुटते, तेव्हा झोप काढा आणि सूर्यास्तानंतर बाहेर पडा. दुकानं मध्यरात्रीपर्यंत उघडी असतात.

आणि एक, कुठेही गेलात तरी विद्यार्थी भेटणार. लुलू सुपरमार्केटमध्ये ट्रॉलीत काय भरलंय ते पालकांसकट सगळे बघतात आणि कांद्यांच्या ढिगाशी विचारतात, “मॅम, पेपर तपासून झाले?” सुट्टीवरून परतताना सामानात खसखस आणू नका, अनारशांसाठी म्हणूनही नाही. सौदी आणि एमिरेट्समध्ये ती अमली पदार्थांत धरतात, इथेही विषाची परीक्षा नको. अनारसे साखरेवर थापा.

ओमानी विद्यार्थ्याच्या किंवा शेजाऱ्याच्या घरी बोलावणं आलं तर टाळू नका. चपला बाहेर काढायच्या, खजूर आणि कहवा उजव्या हातानं घ्यायचा. कप रिकामा दिसला की यजमान पुन्हा भरतो. पुरे झालं की कप दोन-तीनदा हलकेच हलवून परत द्यायचा.