ख्रिस्ती कुटुंबाने कर्ज फेडायला कुठून सुरुवात करावी

कर्ज काढणे हेच पाप, असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. उसने मागणाऱ्याकडे पाठ फिरवू नको, असे प्रभू येशू मत्तय ५:४२ मध्ये सांगतो. स्तोत्र ३७:२१ दुर्जन म्हणते ते घेऊन न फेडणाऱ्याला. नीतिसूत्रे २२:७ मात्र बजावते की ऋणको धनकोचा दास होतो. कामाचा क्रम यातूनच निघतो: जिथे दास्य सगळ्यात जाचक, तिथून आधी सुटायचे आणि कोणाचेही बुडवायचे नाही.

२ राजे ४ मध्ये एका विधवेचे मुलगे गुलाम म्हणून न्यायला सावकार येतो. संदेष्टा अलीशा तिला विचारतो, घरात काय आहे? तेलाची एक कुपी असते. तेल वाढल्यावर तो सांगतो: तेल विक, ऋण फेड आणि उरेल त्यावर तू व तुझे मुलगे राहा. चमत्कार झाला तरी फेड चुकली नाही, उलट ती सगळ्यात आधी आली.

तुमचीही सुरुवात याच प्रश्नाने करा. नवरा-बायकोने एकत्र बसून वहीत सहा रकाने आखावेत: कोणाचे कर्ज, मुद्दल किती उरले, वर्षाला व्याज किती टक्के, हप्त्याची तारीख, तारण काय, जामीनदार कोण. मामाकडचे हातउसने, किराणा दुकानाची उधारी, मोबाईल ॲपवरचे कर्ज, सगळे लिहा. योजना बहुधा फसते ती एकाने दुसऱ्यापासून लपवलेल्या कर्जामुळे. त्याच पानामागे विकता येण्यासारख्या वस्तू आणि घरातले सोने लिहा.

व्याज वार्षिकच लिहा. ‘शेकडा तीन’ ऐकायला थोडे वाटते, पण ते महिन्याचे असते, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. बचत गटाचे ‘शेकडा दोन’ म्हणजे २४ टक्के.

समजा सावकाराचे शेकडा तीनने ४०,००० रुपये, सोनेतारण कर्ज वर्षाला १२ टक्क्यांनी ६०,००० आणि मामाचे बिनव्याजी ३०,००० आहेत. घरखर्च जाऊन महिन्याला ६,००० उरतात. सोनेतारणाचे ६०० रुपये व्याज भरा आणि उरलेले ५,४०० दर महिन्याला सावकाराला द्या. नवव्या महिन्यात ते कर्ज संपते. नुसते १,२०० रुपये व्याज देत राहिलात, तर वर्षाला १४,४०० जातात आणि मुद्दल ४०,००० तसेच उभे राहते. सावकार सुटला की ते ५,४०० सोनेतारणाकडे वळवा. प्रत्येक भरण्याची पावती घ्या आणि रक्कम मुद्दलात जमा झाली की व्याजात, ते तिच्यावर लिहून घ्या. घरात न वापरलेले सोने असेल, तर शेकडा तीन भरत राहण्यापेक्षा ते मोडलेले बरे.

मामाकडे पहिल्याच आठवड्यात जा. बिनव्याजी कर्ज मागे पडते, कारण तो माणूस तगादा लावत नाही, आणि नाती तिथेच तुटतात. कधीपासून द्याल ते त्याला तारखेसह सांगा. बँकेत किंवा पतपेढीतही हप्ता चुकण्याआधी जाऊन मुदतवाढीचा अर्ज द्या.

तारण देताना पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातले २४:६ आठवा. जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचे जीवनच गहाण घेणे होय, असे तिथे म्हटले आहे. शिलाई मशीन, रिक्षा, होडी यांवर पोट चालत असेल, तर आधीच्या कर्जासाठी त्या गहाण टाकू नका. महाराष्ट्रात सावकाराला परवाना लागतो. तो नसेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते.

मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, बरीच घरे अडकतात ती जामीनकीत. ‘फक्त सही कर’ असे म्हटले जाते, पण भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसुली होऊ द्या, मग माझ्याकडे या, असे सहसा म्हणता येत नाही. नीतिसूत्रे २२:२६-२७ म्हणूनच जामीन राहू नको म्हणते: फेडायला काही नसेल, तर अंगाखालचे अंथरूणही जाईल. बांधवावर प्रेम आहे म्हणून सही करावी लागत नाही. बुडाली तरी चालेल एवढी रक्कम त्याला हातात द्या आणि ती दान समजा. सही आधीच झाली असेल, तर नीतिसूत्रे ६:१-५ सांगते तसे झोप न घेता सुटकेच्या मागे लागा. कर्जदाराला दुसरा जामीनदार आणायला सांगा आणि संस्थेने बदल मान्य केल्याचे पत्र हातात घ्या. पत्राशिवाय तोंडी आश्वासनाला अर्थ नाही.

दशांशाबद्दल, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याबद्दल, मंडळ्यांत मतभेद आहेत. आमचे मत स्पष्ट आहे: उसने काढून दशांश देऊ नये. २ करिंथ ८:१२ प्रमाणे दान मान्य होते ते जवळ असेल त्या मानाने, नसलेल्याच्या मानाने नाही. देणे पूर्ण थांबवू नका, रक्कम लहान करा आणि पाळकांना किंवा फादरांना खरी परिस्थिती सांगा.

लग्न किंवा घरासाठी नवे कर्ज घ्यायचे असेल, तर लूक १४:२८ मधला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, तसे करा. येणारा हप्ता तीन महिने आधीपासून वेगळ्या खात्यात टाकून पाहा. एका महिन्यातही त्याला हात लावावा लागला, तर रक्कम कमी करा.

कर्ज फिटले की त्याच दिवशी बेबाकी दाखला (काही देणे उरले नाही असा दाखला), गहाण कागदपत्रे आणि दिलेले कोरे चेक परत मागा. जमीन तारण असेल, तर सातबाऱ्यावरचा बोजा उतरवण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्या आणि नवा उतारा काढून तो खरेच उतरला का ते पाहा.