संस्थेच्या कार्यक्रमांसाठी व्हिडिओचं सामान घेताना

कोणत्या कंपनीचा कॅमेरा घ्यायचा, हा वाद नंतर घाला. आधी त्याला हेडफोन लावायची सोय आहे का, ते बघा. माइकची नव्हे, हेडफोनची. दोन्ही सॉकेट ३.५ मिलिमीटरचीच, दिसायला सारखी, आणि स्वस्त मॉडेलांत पुष्कळदा माइकचं तेवढं देऊन हेडफोनचं गाळलेलं असतं. जाहिरातीत हे सापडणार नाही. मॅन्युअल उतरवून घ्या, जोडण्यांच्या पानावर हेडफोनचं चिन्ह दिसलं तरच पुढची बोलणी.

स्क्रीनवर आवाजाच्या पट्ट्या हलतायत म्हणजे आवाज नीट येतोय, असं सगळे धरून चालतात. पट्ट्या कशानेही हलतात. माइकची पिन अर्धवट बसलीय आणि कॅमेरा स्वतःच्या माइकवरून मागच्या रांगेतल्या गप्पा टिपतोय, तरी हलतात. कॉलर माइक कपड्याला घासतोय, वायरीतून विजेची घरघर येतेय, तरी हलतात. चित्र थोडं अंधारं असेल तर लोक चालवून घेतात. भाषण ऐकूच आलं नाही तर त्या फाइलचं काही करता येत नाही.

सभागृहाच्या साउंड मिक्सरवरून आवाज घेणार असाल तर आणखी जपा. मिक्सरचा आवाज लाइन पातळीचा, म्हणजे माइकपेक्षा बराच जोरदार, कॅमेऱ्याचं सॉकेट माइकच्या नाजूक पातळीचं. सरळ जोडलं की आवाज फाटतो. मग कोणीतरी मेनूत जाऊन लेव्हल कमी करतं, पट्टी शहाण्यासारखी उणे १२ डेसिबलवर येते, आणि आवाज फाटलेलाच राहतो, कारण तो त्याच्या आधीच, आतल्या प्रीअँपमध्ये, म्हणजे माइकचा आवाज वाढवणाऱ्या भागात, फाटलेला असतो. कॅमेऱ्यात लाइन इनपुट निवडायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर मध्ये पातळी उतरवणारा अ‍ॅटेन्युएटर घाला. साउंडवाल्याकडून त्या आउटपुटची पातळी उतरवून घेतली तरी चालतं, पण त्याला घाई असते, विसंबू नका. दुसरं, मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटला (ते एकच आवाज सरळ आणि उलटा अशा दोन तारांवर पाठवतं) साधी स्टिरिओ वायर लावू नका. डावा आणि उजवा आवाज एकमेकांच्या उलट फेजमध्ये नोंदला जातो. पट्ट्या दोन्ही छान दिसतात, हेडफोनवर मात्र आवाज पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा लागतो. आणि पुढे एका स्पीकरच्या फोनवर दोन्ही बाजू एकत्र झाल्या की वक्ता जवळजवळ नाहीसा होतो. हे फक्त कानाला कळतं. म्हणून हेडफोन.

हेडफोन तारेचे, पूर्ण कान झाकणारे, मागून बंद असलेले घ्या. सभागृहात स्पीकर चालू असताना साध्या इअरफोनमधून बाहेरचाच आवाज आत येतो आणि सगळं ठीक वाटतं. ब्लूटूथचे नकोत, पुष्कळ कॅमेऱ्यांना ते जोडताच येत नाहीत, आणि जोडले तरी आवाज मागे पडतो. सुरुवातीची पाच मिनिटं ऐकून गळ्यात अडकवायचे नाहीत. बिनतारी माइकची बॅटरी दुसऱ्या वक्त्याच्या मध्यावरच संपते. फोनवर चित्रीकरण करणार असाल आणि चालू असताना ऐकायची सोय नसेल, तर एक मिनिट रेकॉर्ड करा, थांबवा, हेडफोन लावून ऐका, मगच सुरू करा. शिवाय मिक्सरमध्ये श्रोत्यांचे प्रश्न येत नाहीत. एक छोटा रेकॉर्डर वेगळा चालू ठेवा, ४८ किलोहर्ट्झवर, आणि सुरुवातीला टाळी वाजवा, म्हणजे एडिटिंगला जुळवता येईल.

आता कॅमेरा. दर वेळी वेगळा स्वयंसेवक उभा राहणार असेल तर कॅमकॉर्डरच, म्हणजे खास व्हिडिओचा कॅमेराच, बरा: लांबचा झूम, तासन्‌तास चालतो, बटणं समजतात. मिररलेसचं, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या फोटो-कॅमेऱ्याचं, चित्र देखणं, पण जुनी मॉडेलं २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात आणि काही ४केमध्ये तापून बंद पडतात. भाषणाला १०८० (फुल एचडी) पुरेसं आहे, ४केचा हट्ट सोडा.

कार्डाचा हिशेब सोपा: रेकॉर्डिंगच्या बिटरेटला, म्हणजे मेगाबिट प्रति सेकंदाच्या आकड्याला, ०.४५ ने गुणा, तासाचे गिगाबाइट मिळतात. २८ मेगाबिटला साधारण साडेबारा, १०० ला ४५. व्ही३० खूण (लिहिण्याच्या किमान वेगाची हमी) असलेली दोन कार्डं. अ‍ॅडॉप्टरवर चालवता आला तर बॅटरीची कटकटच नाही. पण यूएसबीने कॅमेरा रेकॉर्डिंग चालू असताना चालतो की बंद असतानाच चार्ज होतो, हे घेण्याआधी तपासा. एक्स्टेन्शन बोर्ड लांब हवा, वायर जमिनीला टेपने चिकटवा, कोणीतरी अडखळतंच.

ट्रायपॉड फ्लुइड हेडचा, म्हणजे कॅमेरा सावकाश, धक्क्याविना फिरवू देणारा, उभ्या माणसांच्या डोक्यावरून बघेल इतका उंच. फोटोचा बॉलहेड नको, फिरवताना धक्के दिसतात.

सेटिंग: मंचावर दिवे आणि मागे अंधार असेल तर ऑटो एक्स्पोजर चेहरे पांढरेफटक करतं, हाताने ठरवा. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) लॉक. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५०, ६० ची असेल तर १/६०, नाहीतर दिवे फडफडताना दिसतील.

पिशवीत: जास्तीची वायर, माइकचे सेल, टेप, हेडफोन. हो, हेडफोन पिशवीतच, कोणाच्या घरी नाही. कार्यक्रमानंतर दोन ठिकाणी कॉपी, फाइल उघडून बघा, मग कार्ड फॉरमॅट, तेही कॅमेऱ्यातच. बॅटऱ्या त्याच रात्री चार्जिंगला.