चेन पिकरेल गळाला कसा लावावा

चेन पिकरेल हा अमेरिकेच्या पूर्वेकडचा, गोड्या पाण्यातला शिकारी मासा. हिरवट सोनेरी अंगावर साखळीसारखी नक्षी, डोळ्याखाली काळी उभी रेघ आणि लांब, चपटा जबडा. न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्स या जंगलपट्ट्यातल्या तळ्यांचं तांबूस, आम्लधर्मी पाणी त्याला चांगलं मानवतं, त्यामुळे एडिसनकडच्या मराठी मंडळींना तो फार लांब नाही. आधी परवाना काढा. न्यू जर्सीत तो वयाच्या 16व्या वर्षापासून लागतो. किती लांबीचा मासा ठेवता येतो आणि दिवसाला किती, हे प्रत्येक राज्याचं वेगळं असतं, तेही बघून घ्या.

साडेसहा-सात फुटी मध्यम रॉड आणि 8 ते 10 पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) दोरी पुरते. मात्र दोरीच्या टोकाला, आमिषाच्या आधी, फूटभर लांबीचा जाड, मजबूत तुकडा म्हणजे लीडर हवाच, 20 ते 30 पौंडी फ्लुरोकार्बन या चिवट प्लास्टिक धाग्याचा. याचे दात साधी दोरी सहज कापतात आणि मग मासा तोंडात गळ घेऊन जातो. आमिष म्हणून चकाकणारा स्पून (चमच्यासारखा धातूचा तुकडा), स्पिनर (ओढताना गरगर फिरणारं पातं) किंवा मऊ रबरी मासा लावा. तीन टोकांच्या गळाऐवजी एकेरी गळ घ्या आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका.

आता खरं काम जागा निवडायचं. पिकरेल भक्ष्यामागे तळंभर फिरत नाही, दबा धरून बसतो. कमळाच्या पानांची कड, पाणगवतातली मोकळी फट, पाण्यात पडलेलं झाड, तेही बऱ्याचदा कमरेएवढ्याच पाण्यात. आमिष गवताच्या पलीकडे टाका आणि कडेला समांतर, एका लयीत ओढत आणा. मध्येच क्षणभर थांबवा. बरेचदा झडप तेव्हाच पडते. उथळ पाण्यात आमिषामागून लाट सरकताना दिसली की हात आखडू नका, ओढत राहा. झडप हुकली तरी लगेच त्याच जागी पुन्हा टाका, तो बहुधा परत येतो. थंडीतही त्याची भूक टिकून असते, म्हणून वसंताची सुरुवात आणि शरद हे उत्तम दिवस.

मासा हाती आला की तोंडात बोट घालायचं नाही. कल्ल्यांच्या झाकणांवरून, डोक्यामागे मूठ धरा आणि लांब तोंडाच्या पक्कडीने गळ सोडवा. सोडायचा असेल तर शक्यतो पाण्यातच सोडवा. अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताने पुसला जातो आणि तो गेला की माशाला रोग जडतात.

खायला ठेवणार असाल तर काट्यांची तयारी ठेवा. मांस पांढरं, गोडसर, पण त्यात दुबेळक्यासारखे बारीक काटे असतात. तुकडीवर आडव्या, अगदी जवळजवळ चिरा द्या, पण कातडीपर्यंत जाऊ नका. हळद, तिखट, मीठ, आगळ चिरांत मुरू द्या, रव्यात घोळवा आणि भरपूर, कडकडीत तेलात तळा. तेल चिरांमध्ये शिरलं की काटे कुरकुरीत होतात. तव्यावर थोड्या तेलात परतलात तर ते तसेच टोचतील.